खरादाचा वेग आणि आपला धंदा
(श्रीविश्वकर्मा जयंती, माघ शुद्ध त्रयोदशी, या दिवशी वाळूज येथे ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



जयंतीच्या व्यासपीठावरून समाजाच्या पूर्वेतिहासावर किंवा लग्नकार्यातील खर्चावर बोलण्याचा प्रघात आहे. तो मोडून आज आम्ही लाकूड कातण्याच्या यंत्राविषयी चार शब्द बोलणार आहो. विषय रुक्ष वाटेल. परंतु आपल्या कितीतरी घरांत सध्या हाच वाद चालू आहे. पट्ट्यापुलीचा जुना लेथ काढून वेग हवा तसा कमीजास्त होणारा नवा घ्यावा, असे मुलगा म्हणतो. याच लेथवर तुझे शिक्षण झाले, असे वडील म्हणतात. आम्हांस दोघांचेही म्हणणे अर्धे खरे वाटते.

वीज येण्यापूर्वी आपले वाडवडील खराद चालवीत तो दोरीवर. एकाने दोरी ओढावयाची, दुसऱ्याने पटाशी धरावयाची. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरे आणि पटाशी एकाच फेरीत कापी. काम सावकाश होई, यात संशय नाही. पण त्या खरादात एक गुण होता. लाकूड ओबडधोबड असले की दोरी ओढणारा हात आपोआप हळू चाले. गोलाई आली की तोच हात जलद होई. वेगाचे नियमन माणसाच्या हाती होते. पुढे विजेची मोटर आली, मदतनिसाचा एक हात मोकळा झाला आणि त्याबरोबर हे नियमनही गेले. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर चालणारी नेहमीची चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, आणि तिला सांगून ती हळू होत नाही. म्हणून तीनचार पायऱ्यांची पुली आली. वेग बदलावयाचा तर यंत्र थांबवा, पट्टा सैल करा, सरकवा, पुन्हा ताणा. परिणाम काय होतो, तो आपण सर्व जाणता: दिवसाला दहा वेळा पट्टा कोणी सरकवीत नाही. ज्या पायरीवर आहे, त्याच पायरीवर सगळे काम उरकले जाते.

यात काय बिघडते, हे थोड्या गणिताने पाहू. लाटण्याचा व्यास ४ सेंटीमीटर धरला, तर मिनिटाला २००० फेऱ्यांवर त्याचा पृष्ठभाग पटाशीसमोरून मिनिटाला सुमारे २५० मीटर धावतो. हे ठीकच आहे. त्याच फेऱ्यांवर २५ सेंटीमीटरचा पोळपाट लावला, तर त्याची कड मिनिटाला सुमारे १५७० मीटर, म्हणजे तासाला ९४ किलोमीटर वेगाने फिरते! पुण्याच्या रस्त्यावर भरधाव मोटर जाते त्या वेगाने फिरणारे, एका अंगाला जड असलेले लाकूड आपल्या हनुवटीपासून दोन हातांवर आहे, हे ध्यानात घ्यावे. त्यात एखादी चीर असली, तर पुढे काय होईल ते सांगावयास नको. असा फळा प्रथम तीनचारशे फेऱ्यांवरच लावावा, थरथर थांबली की वेग चढवावा. बऱ्याच जुन्या यंत्रांवर इतकी खालची पायरीच नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, नवे यंत्र घ्यावयाचे ते जलद चालण्यासाठी नव्हे, हळू चालण्यासाठी. दोरी ओढणाऱ्याच्या हातात जे होते, तेच एका लहानशा खुंटीत परत आले आहे. ज्या घरी पट्टा ओढावयास जोर लागतो म्हणून सुनेला किंवा लेकीला यंत्रापाशी येऊ दिले जात नव्हते, त्या घरी आता ते कारण उरत नाही. (दुसरी कारणे असतील, तर ती यंत्राच्या माथी मारू नयेत.)

आता वडिलांच्या बाजूने. जुन्या लेथचा ओतीव लोखंडाचा जड बिछाना हे धन आहे. वजनानेच थरथर मरते. पत्र्याच्या पायांवर उभे असलेले हलके नवे यंत्र खुंटी असली तरी त्याची बरोबरी करीत नाही. हेडस्टॉकचे बेअरिंग शाबूत असेल, तर यंत्र ठेवावे आणि केवळ मोटर बदलून तिला ड्राइव्ह लावावा. हा ड्राइव्ह घरची एका फेजची वीज घेऊन तीन फेजची करतो आणि तिची आवर्तने कमीजास्त करून मोटरीचा वेग बदलतो. मात्र मोटर तीन फेजचीच हवी. पाटीवर ‘४१५ व्होल्ट, स्टार’ असे असेल आणि गुंडाळीची सहाही टोके बाहेर असतील, तर जोडणी डेल्टा करून घ्यावी लागते. जुन्या कपॅसिटरच्या मोटरीला पंख्याचा रेग्युलेटर जोडण्याचा स्वस्त उपाय काहीजण सुचवितात. तो मोटर जाळण्याचा उपाय आहे.

आणि पुली फेकू नये, हे विशेष आग्रहाने सांगतो. पट्ट्याने वेग अर्धा केला की पीळ दुप्पट होतो. ड्राइव्हने वेग अर्धा केला, तर पीळ तेवढाच राहतो, म्हणजे ताकद निम्मी होते. शिवाय मोटरीचा पंखाही मंदावल्याने ती तापते. मोठा पोळपाट कातताना पट्टा खालच्या पायरीवर ठेवावा आणि बाकीचे काम खुंटीवर सोपवावे.

पैशाविषयी थोडक्यात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिला हप्ता म्हणून एक लाखापर्यंतचे कर्ज, व्याज ५ टक्के, फेड १८ महिन्यांत, अशी तिची आखणी आहे. पुरे एक लाख घेतले तर महिन्याला सुमारे ५,८०० रुपये द्यावे लागतील. ज्याच्या घरी महिन्याकाठी तेवढे कातकाम येत नाही, त्याने कर्ज काढू नये. त्याला जुन्या लेथवरील ड्राइव्ह पुरेसा आहे.

वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ सुटे भाग करणारे लहानमोठे उद्योग उभे राहिले. आपली मुले तिकडे वळली. हातातली पटाशी सुटली, याची खंत वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकली आहे. पण वेग बदलणारे हे ड्राइव्ह कारखान्यांत रोजच्या वापरातले आहेत. जोडणी कशी करावी, किती आवर्तनांवर मोटर तापते, वीज बंद केल्यावरही पेटीत काही मिनिटे झटका देण्याइतका भार राहतो, हे ज्ञान रात्रपाळी करून येणाऱ्या त्या मुलांपाशी आहे. सागाची चीर कुठे जाईल आणि बाभळीची गाठ पटाशी कधी उडवील, हे वडिलांपाशी आहे. रविवारी दोघांनी एका लेथपाशी उभे राहावे, एवढेच मागणे आहे. पेटी भुशापासून दूर, भिंतीवर उंच बसवावी. वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होणार नाही, अशी कळ प्रथम लावून घ्यावी.

ज्यांनी आपापल्या मोटरीच्या पाटीवरील आकडे लिहून आणले आहेत, त्यांनी ते आता पुढे द्यावेत; एकेक पाहू.