ऱ्हॉन्डाच्या खोऱ्यातला रविवार



ब्रिटनच्या पश्चिम अंगाला वेल्स नावाचा छोटासा देश आहे. लोकसंख्या जेमतेम 31 लाख. त्याच्या दक्षिणेला अरुंद खोरी आहेत. एकेकाळी या खोऱ्यांच्या पोटात कोळसा होता आणि उतारावर खाणकामगारांच्या दगडी घरांच्या रांगा. या रांगांमध्ये जागोजागी एक चौकोनी, साधी इमारत उभी असायची. तिला मनोरा नाही, मूर्ती नाही, रंगीत काचाही फारशा नाहीत. दर्शनी भिंतीवर बायबलमधलं एखादं नाव कोरलेलं, बेथेल, सालेम, एबेनेझर असं काहीतरी, आणि खाली बांधल्याचं साल. हे तिथलं चॅपल. आत तिन्ही बाजूंनी लाकडी सज्जे आणि समोर उंच व्यासपीठ. त्याच्या पायथ्याशी वडीलधाऱ्यांचं बाक, त्याला ‘थोरलं बाक’च म्हणत. उपदेशक बोलायला उभा राहिला की हळूहळू त्याचा आवाज चढायचा, गद्याचं गाणं व्हायचं. वेल्श भाषेत या चढत्या लयीला खास शब्द आहे, ‘ह्विल’. आपल्याकडे कीर्तनात रंग भरतो म्हणतात ना, तसंच काहीसं.

या खोऱ्यांची गोष्ट आज मी सांगतोय. जगात धर्मापासून दूर जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे असं आपण नेहमी ऐकतो. पण धर्म जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे पाहायला वेल्ससारखी जागा नाही.

1904 साली एव्हन रॉबर्ट्स नावाच्या 26 वर्षांच्या तरुणाने लखर या आपल्या गावच्या चॅपलमध्ये प्रार्थनासभा सुरू केल्या. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो खाणीत उतरलेला, म्हणजे लोकांच्या घरचाच मुलगा. बघता बघता सगळा वेल्स पेटला. वर्षभरात सुमारे एक लाख माणसं नव्याने श्रद्धेकडे वळली असं मानतात. रात्री उशिरापर्यंत सभा चालत, कामगार पाळी संपवून काळ्या तोंडानेच येत. तेव्हाची एक गोष्ट अजून सांगतात. खाणीत गाड्या ओढणारी तट्टं शिव्यांच्या हुकमावर चालायला सरावलेली होती. माणसांनी शिव्या सोडल्या, तर तट्टं जागची हलेनात. त्यांना ती नवी भाषाच कळेना.

आता 2021 ची जनगणना पाहू. तिथे धर्माचा प्रश्न विचारतात, पण त्याचं उत्तर देणं ऐच्छिक आहे. उत्तरांच्या चौकटींमध्ये पहिलीच चौकट ‘कोणताही धर्म नाही’ अशी असते. वेल्समध्ये 46.5 टक्के लोकांनी तिच्यावर खूण केली. ख्रिस्ती म्हणवून घेणारे 43.6 टक्के निघाले. 2001 साली, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा, ख्रिस्ती जवळजवळ 72 टक्के होते आणि ‘धर्म नाही’ म्हणणारे साडेअठरा टक्के. अवघी वीस वर्षं! आणि इंग्लंड-वेल्समध्ये ‘धर्म नाही’चं प्रमाण सगळ्यांत जास्त कुठे आढळलं? केअरफिली, ब्लायनाय ग्वेंट आणि ऱ्हॉन्डा कनन टाफ या दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांमध्ये. तिन्हीकडे 56 टक्क्यांच्या वर. ज्या खोऱ्यांत तट्टं खोळंबली होती, तीच ही खोरी.

इथे आपल्या कानांची एक सवय आड येते. ‘धर्म नाही’ ऐकलं की आपल्याला नास्तिक दिसतो, आणि नास्तिक म्हटलं की आगरकर आठवतात. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्यांच्यासाठी देव नाकारणं ही रोज किंमत मोजून केलेली कृती होती. ऱ्हॉन्डामधल्या चौकटीवर खूण करणाऱ्या माणसाने अशी कोणतीही लढाई लढलेली नाही. त्याला कदाचित देव आहे असंही वाटत असेल, संकटात तो प्रार्थनाही करत असेल. पण चॅपलशी त्याचा संबंध नाही, त्याच्या आईचा नव्हता, आजीचा नाताळपुरता होता. त्याने काही सोडलेलं नाही, कारण त्याच्या हाती काही आलंच नव्हतं.

डेव्हिड व्होआस आणि अ‍ॅलिस्टर क्रॉकेट या अभ्यासकांनी 2005 साली ब्रिटनच्या आकडेवारीवरून हीच गोष्ट मांडली. आईवडील दोघंही धार्मिक असले तरी मूल धार्मिक होण्याची शक्यता साधारण निम्मी. दोघांपैकी एकच असेल तर ती आणखी निम्मी. दोघंही नसतील तर जवळजवळ शून्य. मोठं झाल्यावर माणसं विचार करकरून श्रद्धा सोडतात, हे चित्र त्यामुळे बरंच अपुरं ठरतं. गळती घरात होते, पिढी बदलताना होते, आणि तिचा आवाज होत नाही.

मग श्रद्धा हातातून हातात देणं थांबलं कशाने? विज्ञानाने, शिक्षणाने, असं उत्तर आपण चटकन देतो. त्यात तथ्य आहेच. पण या खोऱ्यांपुरतं मला ते पुरेसं वाटत नाही. चॅपल एकटं कधीच उभं नव्हतं. त्याच्या एका बाजूला खाण होती, दुसऱ्या बाजूला भाषा. 1920 च्या सुमारास दक्षिण वेल्समध्ये अडीच लाखांहून जास्त खाणकामगार होते. मंदी आली, तरुण काम शोधत इंग्लंडला गेले, पुढे खाणी बंद होत गेल्या. ऱ्हॉन्डामधली मार्डी ही शेवटची खोल खाण 1990 च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. भाषेचंही तसंच. 1911 साली वेल्समध्ये 43 टक्क्यांहून अधिक लोक वेल्श बोलत, 2021 मध्ये 18 टक्क्यांहूनही कमी. प्रार्थना वेल्शमध्ये आणि नातवंडं इंग्रजीत, अशा घरात प्रार्थना किती दिवस टिकणार?

रविवारही गेला. 1881 च्या कायद्याने वेल्समधले दारूचे गुत्ते रविवारी बंद असत. 1961 पासून दर सात वर्षांनी प्रत्येक जिल्हा मतदान करून ठरवू लागला, आणि एकेक जिल्हा उघडत गेला. उत्तरेकडचा द्वायफोर तेवढा 1996 पर्यंत थांबला. ज्याला रविवारी शेत नांगरायचं किंवा चेंडू खेळायचा होता त्याच्यावर पूर्वी गावाची नजर असे, आणि त्या नजरेचा जाच खरा होता. ती सैल झाली हे मी चांगलंच मानतो. धर्म न पाळण्याची मोकळीक माणसाला हवी, आणि ती भीक मागून मिळालेली नसावी.

पण एक गोष्ट मला टोचते. चॅपलच्या रविवारच्या शाळेत मुलांबरोबर मोठी माणसंही बसत. पिढ्यान्‌पिढ्या कामगार तिथे आपल्या भाषेत वाचायला शिकले. तिथेच ते चार सुरांत गाणंही शिकले. स्टाफ नोटेशनची महागडी पुस्तकं परवडत नसत, म्हणून टॉनिक सोल-फा नावाची सोपी लिपी होती. आपल्या सा रे ग म सारखी, नुसती अक्षरं. कोळशाने काळवंडलेल्या बोटांनी ती अक्षरं गिरवून माणसं हॅन्डलचं संगीत गात. अनेक चॅपलांचे आता फ्लॅट झालेत, दुकानं झालीत. गाणं मात्र रग्बीच्या मैदानावर राहिलं आहे. हजारो लोक तिथे अजून चॅपलची स्तोत्रं पोटातून म्हणतात. त्यातल्या अनेकांनी जनगणनेत पहिल्या चौकटीवर खूण केली असेल, आणि मला यात काहीच विसंगत वाटत नाही.

या गोष्टीचा एक धागा आपल्या देशात येतो. 1841 साली थॉमस जोन्स हा वेल्श धर्मोपदेशक खासी टेकड्यांमध्ये, चेरापुंजीला पोहोचला. त्याने खासी भाषेला रोमन लिपी दिली, आणि ती वेल्श लेखनाच्या वळणाची. पुढे वेल्श मिशनरी मिझो टेकड्यांतही गेले. 1904 ची ती लाट वर्ष-दोन वर्षांत या दोन्ही टेकड्यांपर्यंत आली होती. 2011 च्या जनगणनेत मिझोरममध्ये 87 टक्के लोक ख्रिस्ती होते. रविवारी ऐझॉलचे रस्ते शांत असतात आणि चर्च भरलेली. अलीकडे तिथून धर्मोपदेशक उलट्या वाटेने वेल्सला जाऊ लागले आहेत.

आणि ऐझॉलमध्ये स्तोत्रसंग्रह उघडलात तर शब्दांच्या वर बारीक अक्षरांची ओळ दिसेल. ती टॉनिक सोल-फाची आहे. ऱ्हॉन्डामध्ये ज्या रविवारच्या शाळांत ती शिकवत, त्यांतल्या बहुतेक बंद झाल्या. ऐझॉलमध्ये शाळकरी मुलं आजही ती वाचून चार सुरांत गातात.