समुद्रातल्या नद्या आणि आपला पाऊस

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



समुद्रावर बोलायचे ठरले तेव्हा मला थोडे हसूच आले. आपले रहिमतपूर सह्याद्रीच्या अलीकडचे. समुद्र आपल्याला भेटतो तो बाजारातल्या सुकटीत आणि मिठाच्या पुडीत. पण आपल्या ज्वारीचे, घेवड्याचे आणि विहिरीतल्या पाण्याचे नशीब त्याच्याशीच बांधलेले आहे. ते कसे, एवढेच आज सांगणार आहे.

समुद्राचे पाणी नुसते लाटांनी हलत नाही. त्यातून नद्यांसारखे प्रवाह वाहतात. अटलांटिक महासागरातला गल्फ प्रवाह इतका मोठा आहे की जगातल्या सर्व नद्या एकत्र केल्या तरी त्याची बरोबरी होणार नाही.

हे प्रवाह चालवतो कोण? पहिला वारा. परातीत पाणी घेऊन एका बाजूने फुंकर घाला, पाणी पुढे सरकते आणि काठाला लागून वळते. समुद्रात तेच घडते. शिवाय पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने प्रवाह विषुववृत्ताच्या उत्तरेस उजवीकडे आणि दक्षिणेस डावीकडे कलतात.

दुसरे कारण पाण्याचे वजन. आपल्या बंबात गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि वरचे गरम पाणी तोटीतून बाहेर येते. गार पाणी जड, आणि खारे पाणी त्याहून जड. ध्रुवांकडे बर्फ गोठताना मीठ मागे राहते. तिथले गार, खारट पाणी खोल बुडते आणि तळातून दूरदूर जाते.

आता आपल्या अरबी समुद्राकडे येऊ. इतर महासागरांतले मोठे प्रवाह बहुधा वर्षभर एकाच दिशेने वाहतात. आपल्याकडे मात्र मोसमी वाऱ्याबरोबर प्रवाहही पाठ फिरवतो. आफ्रिकेच्या सोमाली किनाऱ्याजवळचा प्रवाह उन्हाळ्या-पावसाळ्यात उत्तरेकडे, तर हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहतो. या वाऱ्यांचा हिशेब धरूनच प्राचीन काळी परदेशी गलबते सोपारा-कल्याणला येत. पावसाळ्यात वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाजूला सरते, खालचे गार व कसदार पाणी वर येते आणि तारली-बांगड्यांना भरपूर खाद्य मिळते.

तोच वारा समुद्राची वाफ घेऊन सह्याद्रीला धडकतो. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून ढग आपल्याकडे येतात, तोवर ते बरेचसे रिते झालेले असतात. म्हणून समुद्राकडे थोडे बिघडले तरी आपल्याला त्याची झळ आधी लागते.

आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. बायका दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या आणि घरोघर मिलोच्या भाकरी होत्या. त्याच सुमारास हजारो कोस दूर, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात कोळ्यांची जाळी रिकामी येत होती. एरवी प्रशांत महासागरातले वारे ऊन पाणी पश्चिमेकडे लोटतात. ते वारे मंदावले की ऊन पाणी पेरूकडे परतते, पावसाचे ढगही त्याच्यामागे जातात आणि आपला पावसाळा अनेकदा दुबळा होतो. हा प्रकार नाताळच्या सुमारास ठळक दिसे, म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला 'एल निनो' म्हणजे बाळ येशू असे नाव दिले. पेरूची कोळीण आणि आपली खडी फोडणारी बाई यांनी एकमेकींचे नावही ऐकले नव्हते. पण दोघींची चूल एकाच समुद्राने विझवली.

तरी 'एल निनो' म्हटले की दुष्काळ ठरलेलाच, असे समजू नका. १९९७ साली तो फार जोरदार होता, तरी देशात एकंदर पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग त्या वर्षी अधिक तापला आणि त्याने आपल्याला हात दिला, असे शास्त्रज्ञ मानतात.

तेव्हा भगिनींनो, बातम्यांत हे नाव ऐकले तर घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. समुद्र आपल्या हाती नाही. पण चांगल्या सालात बांध नीट करणे, पावसाचे पाणी विहिरीत मुरवणे आणि कणगीत मूठभर धान्य जास्त ठेवणे आपल्या हाती आहे. दुष्काळात हंडा अखेर बाईच्याच डोक्यावर येतो. म्हणून हे शास्त्र पुरुषांइतकेच आपणही समजून घेतले पाहिजे.