संपादक नसलेला ज्ञानकोश



आमच्या गावात एक जुनी पायविहीर आहे. ती एका सरदाराने दुष्काळात बांधली, असे आमचे आजोबा सांगत, आणि आम्हीही जन्मभर तसेच सांगत आलो. काही वर्षांपूर्वी मराठी विकिपीडियावरील आमच्या गावाच्या लेखात हे वाक्य आम्ही मोठ्या हौसेने घातले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो वाक्य गायब! चर्चेच्या पानावर कोणा अपरिचिताने दोनच शब्द लिहिले होते : ‘संदर्भ द्यावा.’ आम्ही चिडलो. ज्या विहिरीचे पाणी पिऊन आम्ही वाढलो, तिच्याबद्दल आम्हांलाच पुरावा मागणारा हा कोण? वाक्य पुन्हा घातले. त्याने पुन्हा काढले. तेव्हा आम्ही आपले वय, आपली पदवी आणि शिक्षकी पेशातील तीस वर्षे यांचा दाखला दिला. उत्तर आले, ‘आपल्याविषयी आदर आहे, पण येथे तो पुरावा होत नाही.’

त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही. परंतु आज ज्या विषयावर बोलण्यास आपण आम्हांला उभे केले आहे, त्याचे मर्म त्या उत्तरातच आहे, हे हळूहळू आमच्या ध्यानी आले.

ज्ञानकोश म्हटला की मराठी माणसाला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. एका माणसाच्या ध्यासातून 1920 च्या दशकात 23 खंड उभे राहिले. पुढे वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश सुरू झाला. तेथे नोंद जाणत्याकडून लिहवून घ्यायची, संपादकांनी ती तपासायची, आणि खाली लेखकाचे नाव छापायचे. भरवसा ठेवायचा तो त्या नावावर. अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनीही आरंभ असाच केला. 2000 साली त्यांनी ‘न्यूपीडिया’ काढला. प्रत्येक लेखाला परीक्षणाच्या सात पायऱ्या ठेवल्या. पायऱ्या इतक्या पक्क्या होत्या, की तो बंद पडेपर्यंत दोन डझनांच्या आसपासच लेख वरपर्यंत पोहोचले! 15 जानेवारी 2001 रोजी त्याला जोड म्हणून विकिपीडिया उघडला, आणि कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे खोडावे, अशी मुभा ठेवली. शेजारी बांधलेल्या पडवीने वाडा गिळावा तसे झाले.

आता आपण विचाराल, की कोणीही लिहितो तर सत्य कोण ठरवतो? याचे उत्तर ऐकून प्रथम धक्का बसतो. तेथे सत्य ठरवायला कोणी बसवलेलाच नाही. तेथे एवढेच पाहतात, की हे विधान विश्वासार्ह प्रकाशित आधारावर उभे आहे काय. वादाच्या दोन्ही बाजू त्यांच्या वजनाप्रमाणे आल्या आहेत काय. आणि लिहिणाऱ्याने स्वतःचा शोध तर घुसडलेला नाही ना. इंग्रजी विकिपीडियावर एकच लेख 24 तासांत तीनदांहून अधिक वेळा उलटवणाऱ्याला रोखता येते. त्याची बाजू खरी असली तरीही! भांडायचे तर चर्चेच्या पानावर भांडा, असा त्याचा अर्थ. केलेला प्रत्येक बदल इतिहासात नोंदलेला राहतो. मराठीत या जागांना नावेही कशी ठेवली आहेत पाहा : नवख्याने हात बसवायचा ती धूळपाटी, सर्वांनी जमून बोलायचे ती चावडी.

या गावाला पाटील मात्र नाही. प्रचालक आहेत, इतर संपादकांच्या संमतीने निवडलेले. ते पान कुलूपबंद करू शकतात, काढून टाकू शकतात, दंगेखोराला बाहेर ठेवू शकतात. पण मजकुरावर त्यांच्या मताचे वजन तुमच्याआमच्याइतकेच. इंग्रजीत एक लवाद समितीही आहे. तीही वर्तनाचा निवाडा करते, इतिहासाचा नव्हे.

ही व्यवस्था चालते ती नियमांच्या पुण्याईने, असे आम्ही बरेच दिवस समजत होतो. ते खरे नव्हे. ती चालते पाहणाऱ्या डोळ्यांच्या संख्येवर. 2005 साली जॉन सायगेन्थालर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कोणी केनेडींच्या खुनाशी त्यांचा संबंध जोडणारा खोटा मजकूर घातला, आणि तो चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. इंग्रजीसारख्या गजबजलेल्या कोशात हे झाले, कारण त्या पानाकडे कोणी पाहत नव्हते.

लहान भाषांची गोष्ट याहून कठीण. क्रोएशियन विकिपीडिया काही वर्षे एका छोट्या प्रचालक-टोळक्याच्या हाती गेला. दुसऱ्या महायुद्धातील यासेनोवाक येथील मृत्युछावणीचे वर्णन तेथे सौम्य करण्यात आले. आक्षेप घेणाऱ्यांना बाहेर काढण्यात आले. 2013 साली तर खुद्द शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो कोश वापरू नका असे सांगितले. नियम तेच होते, कागदोपत्री सर्व यथासांग होते. कौल देणारेही तेच आणि कौल मोजणारेही तेच! मुख्य सूत्रधारावर बंदी येईपर्यंत 2020 साल उजाडले. त्याच वर्षी स्कॉट्स भाषेच्या कोशात निराळाच प्रकार उघडकीस आला. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने कित्येक वर्षे हजारो लेख लिहिले होते. त्याच्या मनात कपट नव्हते. त्याला ‘बाळ, हे चुकते आहे’ म्हणणारेच कोणी वेळेवर आले नाही. आम्हांला या दोहोंत दुसऱ्याचीच भीती अधिक वाटते.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून आहे. 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा म्हणून नोंदवली. त्यांच्यासाठी जागणारे प्रचालक बोटांवर मोजता येतील इतके. आणि आपल्याला राग तर लवकर येतो! 2025 च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातील मजकुरावरून येथे खळबळ उडाली. राज्याच्या सायबर पोलिसांनी तो मजकूर काढण्याची नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. ज्यांचे मन दुखावले त्यांच्या भावनेविषयी आमचा वाद नाही. आमचा प्रश्न साधा आहे : त्या लेखाच्या चर्चापानाचा दरवाजा पोलीस ठाण्याच्या दरवाजापेक्षा जवळ होता. आपल्याकडे या विषयावर आयुष्य घालवलेल्या संशोधकांची पुस्तके आहेत. ती काखेत मारून आत किती जण गेले? लिहिणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवले, की मुळात थोडे असलेले लिहिणारे आणखी थोडे होतात, आणि मग रिकाम्या चावडीवर कोणीही येऊन बसतो.

नियमात उणीव नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. प्रकाशित आधार हवा, हे मुंबईपुण्याच्या थोरामोठ्यांना सोयीचे आहे. ज्या जातींचा, ज्या स्त्रियांचा, ज्या कारागिरांचा इतिहास कोणी छापलाच नाही, त्यांनी आधार कोठून आणावा? 2011 साली अचल प्रभाला यांनी लोकांच्या तोंडची माहिती ध्वनिमुद्रित करून तिचाच आधार द्यावा, असा प्रयोग केला. तो रुजला नाही. आम्हांला तो प्रश्न अजून सुटलेला दिसत नाही.

आमच्या विहिरीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. आम्ही तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन जिल्ह्याचे जुने गॅझेटियर काढले. त्यात विहिरीला एक ओळ आहे; सरदाराचा उल्लेख नाही, दुष्काळाचा आहे. तेवढी ओळ पृष्ठक्रमांकासह आम्ही लेखात घातली. ती टिकली. आमच्याशी भांडलेल्या गृहस्थाने तिच्यातले एक ऱ्हस्वदीर्घ तेवढे सुधारले. आजोबांचा सरदार चर्चेच्या पानावर आहे. कोणी त्याचा कागद घेऊन येईल म्हणून थांबला आहे.