पडद्यावर काय दाखवायचं आणि काय झाकायचं

(कार्यकर्ता शिबिरातील संगणकाच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या सत्राचं नाव ‘मल्टिमीडिया सादरीकरण : तंत्र आणि कौशल्य’ असं छापलंय. नाव मी दिलेलं नाही. तुमच्यातले निम्मे तरी पॉवरपॉइंटमध्ये नवी स्लाइड कुठून घ्यायची हे शिकायला आलेत, त्यांना ते शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्यक्ष लॅपटॉपवर दाखवतो. ते कुणालाही जमतं. तोवर प्रोजेक्टर बंदच राहू दे. पडदा उजळला की लोक बोलणाऱ्याकडे बघत नाहीत, हा माझा रोजच्या नोकरीतला अनुभव आहे.

माझ्या पहिल्या सादरीकरणापासून सुरुवात करतो. विषय होता पोटगी. मोहल्ल्यातल्या शादीखान्यात बायका जमल्या होत्या, साठ-सत्तर तरी. मी कंपनीत दर आठवड्याला स्लाइड्स करणारा माणूस, त्यामुळे तयारी जय्यत. अडतीस स्लाइड्स. त्यात शाहबानो खटला १९८५, १९८६चा कायदा, कलमं, पोटकलमं, प्रत्येक ओळ डावीकडून उडत येणारी, वर टाइपरायटरचा टकटक आवाज. पहिली स्लाइड लावली आणि पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, तिरप्या रेघा आणि प्रश्नचिन्हांची खिचडी. का, ते पुढे सांगतो. पाचव्या स्लाइडपासून मजकूर दिसायला लागला, पण तो इतका बारीक की तिसऱ्या रांगेतल्या खालाजान उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बेटा, हमना तो कुच दिस्याच नै. तू मुँसे बोल ना.”

मी तोंडाने बोललो नाही. स्लाइड्स वाचत राहिलो. अर्ध्या तासाने निम्मा हॉल रिकामा होता. जाता जाता एका बाईने विचारलं, “कागद कोणते आणायचे?” अडतीस स्लाइड्समध्ये ते एकदाही आलेलं नव्हतं.

हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं समजू नका. १ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीवर परत येताना फुटलं. सातही अंतराळवीर गेले, त्यांत आपली कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळीच इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, आणि यान वर असतानाच त्यावर अभियंत्यांनी वरिष्ठांपुढे सादरीकरण केलं होतं. त्यातली एक स्लाइड पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात छापली गेली. शीर्षकात दिलासा. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे, अक्षरं बारीक होत गेलेली. आणि अगदी तळाशी खरी गोष्ट : चाचण्या झाल्या होत्या ३ घन इंचाच्या तुकड्यावर आणि आदळलेला तुकडा होता अंदाजे १९२० घन इंचाचा. म्हणजे सहाशे पटींहून मोठा. ही स्लाइड वाचून एखाद्या वरिष्ठाला जिवाचा धोका लक्षात येणार नाही हे सहज समजण्यासारखं आहे, अशा अर्थाचं मंडळाने लिहून ठेवलंय. यान केवळ एका स्लाइडमुळे गेलं असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण तो आकडा शीर्षकात असता तर निदान कुणी खुर्चीत सावरून बसलं असतं. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्या स्लाइडची ओळ न् ओळ चिरफाड केली आहे. इंग्रजी वाचता येणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

मला माझा शादीखाना आठवला. माझे १९२० घन इंच म्हणजे कागदांची यादी.

तेव्हापासून मी संगणक उघडण्याआधी कोरा कागद घेतो. त्यावर एकच वाक्य लिहितो : समोरची बाई घरी जाऊन उद्या सकाळी काय करणार? पोटगीच्या सादरीकरणात उत्तर होतं, कागद गोळा करणार. मग स्लाइड्स उरल्या सहा. निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, आधारकार्ड, नवऱ्याच्या कमाईचा जो काही पुरावा असेल तो, प्रत्येकाचा मोठा फोटो. कायद्याची एकच स्लाइड : पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. आणि तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही कलम १२५खाली पोटगी मागता येते हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ला पुन्हा स्पष्ट केलंय, हे मी तोंडाने सांगतो. शाहबानोची सगळी कहाणीही तोंडानेच. ती सांगायला स्लाइड कशाला हवी?

आता त्या खिचडीबद्दल. आपल्या चळवळीत याने जितके कार्यक्रम बिघडवलेत तितके विरोधकांनीही बिघडवले नसतील. मी मजकूर एका जुन्या पत्रकाच्या फाइलमधून उचलला होता. आपली जुनी पत्रकं, अंक, पुस्तिका बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फाइलमध्ये मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना मराठीचा वेश चढवतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की वेश उतरतो. युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो जगात कुठेही ‘म’च राहतो. ओळखायची सोपी युक्ती : मजकूर कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड, खिचडी दिसली तर नव्याने टाइप करा किंवा फॉन्ट कन्व्हर्टरने बदलून घ्या. कन्व्हर्टर वापरलात तर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा, तिथेच घोटाळे होतात.

युनिकोडमध्येही ज्या लॅपटॉपवर दाखवायचंय त्यात तुमचा फॉन्ट नसला तर संगणक दुसराच लावतो आणि ओळी खाली घसरतात. विंडोजवर निर्मला वापरलात तर चिंता नाही. मुक्त किंवा नोटो वापरायचा असेल तर पर्यायांमध्ये ‘सेव्ह’खाली फाइलमध्येच फॉन्ट बसवायची खूण असते, ती करा.

उर्दूचं थोडं वेगळं आहे, आणि आपल्याकडे दोन्ही भाषा लागतात म्हणून सांगतो. परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करायचं बटण दाबल्याशिवाय पूर्णविराम आणि आकडे भलत्या टोकाला जाऊन बसतात. नुसतं उजवीकडे सरकवून भागत नाही. नस्तालीकमध्ये शब्द वरून खाली उतरत जातो, त्यामुळे ओळींमध्ये मराठीपेक्षा बरंच जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीवर सांडतात. आणि मराठी व उर्दू एकाच स्लाइडवर कोंबू नका. आधी मराठी, मग तीच गोष्ट उर्दूत. माझ्या अम्मीला उर्दू वाचता येतं, मराठी अडखळत. तिच्यासाठी खालच्या कोपऱ्यात बारीक उर्दू टाकणं म्हणजे दावतीला बोलावून चपलांजवळ बसवणं.

आकड्यांविषयी एक फजिती सांगतो. सच्चर समितीचा २००६चा अहवाल आपण सगळेच वापरतो. त्यात २००१च्या जनगणनेनुसार मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के आणि देशाची सरासरी ६५.१ टक्के दिलीय. मी दोन स्तंभांचा आलेख काढला. पॉवरपॉइंटला मोकळं सोडलं तर ते असे जवळजवळचे आकडे पाहून अक्षाची सुरुवात शून्याऐवजी पन्नासच्या पुढूनच कुठून तरी करतं. परिणाम असा की आपला स्तंभ दुसऱ्याच्या निम्म्याहूनही लहान दिसतो. मला ते दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. एका कॉलेजात बीकॉमच्या एका पोराने उठून विचारलं, “सर, अक्ष शून्यापासून का नाही?” उत्तर नव्हतं. त्यानंतरचे माझे खरे आकडेही त्या वर्गाने खरे मानले नाहीत. त्याच अहवालात लोकसंख्येत १३.४ टक्के आणि आयएएसमध्ये ३ टक्के असे आकडे आहेत. शंभर ठिपके काढा आणि तीन रंगवा. तिथे काही ताणायची गरजच पडत नाही.

आवाजाकडे वळतो. मल्टिमीडिया म्हटलं की लोकांना पार्श्वसंगीत आठवतं. कृपा करून संगीत टाकू नका. आपल्या बैठकीला येणाऱ्यांपैकी कित्येक जणींना मराठी, उर्दू काहीच वाचता येत नाही. त्यांच्यासाठी आवाज हेच अक्षर आहे. आम्ही पोटगीच्या त्या सहा स्लाइड्सना एका आपांचा आवाज दिला. मी वाचून पाहिलं तर ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं झालं. आपांनी घरच्या बोलीत सांगितलं, जशा त्या शेजारणीला सांगतील तसं. मोबाइलवर रेकॉर्ड केलं, पंखा बंद करून आणि खिडकीत रजई लटकवून. प्रत्येक स्लाइडला तिचा तुकडा जोडला आणि ‘एक्स्पोर्ट’मध्ये जाऊन त्याचा व्हिडिओ केला. जेमतेम तीन मिनिटांचा. ज्या बायकांना शादीखान्यात यायला घरून परवानगी मिळत नाही, त्यांच्यापर्यंत तो व्हॉट्सअॅपवरून गेला. एकीने नंतर आपांना सांगितलं की तिने तो स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांच्या आडून ऐकला.

यानंतरची गोष्ट सांगायला मला आवडत नाही.

त्याच मालिकेतल्या एका आधीच्या सादरीकरणात मी एका मुलीचा खरा निकाहनामा दाखवला होता. तिची परवानगी घेतली होती, नाव झाकेन असं सांगून. स्कॅन स्लाइडवर टाकला आणि तिच्या, तिच्या अब्बांच्या, नवऱ्याच्या नावांवर काळे चौकोन काढले. पडद्यावर काही दिसत नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर दोघातिघांनी फाइल मागितली, मी ग्रुपवर टाकली. मी इंजिनिअर आहे. तो चौकोन म्हणजे चित्रावर ठेवलेला नुसता कागदाचा कपटा आहे, क्लिक करून डिलीट दाबलं की निघतो, हे मला माहीत होतं. तरी त्या वेळी डोक्यात आलं नाही. कुणीतरी तो काढला. आठवड्याभरात तो कागद नावांसकट तिच्या सासरच्या गावात पोचला होता. तिचा भाऊ माझ्या घरी आला. भांडला नाही, फक्त मोबाइल पुढे धरला. त्या मुलीने अर्ज करायचा विचारच सोडला. पुढे दीड वर्षाने तिने अर्ज केला, एका दुसऱ्या कार्यकर्तीच्या मदतीने. माझ्याशी ती अजून बोलत नाही, आणि तिने बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

म्हणून हे नीट लिहून घ्या. स्लाइडवर झाकलेलं झाकलेलं नसतं. स्लाइडवर कापलेल्या फोटोचा कापलेला भागही फाइलमध्ये शाबूत असतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये कापलेला भाग काढून टाकायची खूण केल्याशिवाय तो जात नाही. खात्री हवी तर कुठल्याही पीपीटीएक्स फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटी पीपीटीएक्सच्या जागी झिप करा आणि उघडा. आत ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये तुमची सगळी मूळ चित्रं रांगेने बसलेली दिसतील. स्लाइडखाली स्वतःसाठी लिहिलेली टिपणंही फाइलबरोबर जातात, आणि कार्यकर्ते त्यात काय काय लिहून ठेवतात ते मी पाहिलंय. नाव झाकायचंच असेल तर फोटो मोबाइलवर उघडून गडद रंगाने पूर्ण रंगवा, हायलायटरने नव्हे, कारण त्यातून उजेड वाढवून अक्षरं वाचता येतात. मग त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो स्क्रीनशॉटच स्लाइडवर लावा. त्याहून बरं म्हणजे खरा कागद वापरूच नका. कोरा निकाहनामा आणा, त्यात खोटी नावं भरा. आम्ही आता तेच करतो. आणि चेहरा दाखवायची परवानगी घेताना ‘या हॉलमध्ये’ आणि ‘व्हॉट्सअॅपवर’ असे दोन वेगळे प्रश्न विचारा. पहिल्याला हो म्हणणाऱ्या बऱ्याच जणी दुसऱ्याला नाही म्हणतात.

किरकोळ गोष्टी भरभर सांगतो. एफ-५ दाबलं की सादरीकरण सुरू होतं, बी दाबलं की पडदा काळा होतो आणि लोक तुमच्याकडे बघतात. हे बटण मला सगळ्यात जास्त आवडतं. व्हिडिओ फाइलमध्येच बसवा, नुसता दुवा देऊ नका, शादीखान्यात नेट नसतं. तयार स्लाइड पूर्ण पडदाभर लावून पाच-सहा पावलं मागे जा, वाचता आली नाही तर अक्षर वाढवू नका, शब्द कमी करा. पॉवरपॉइंट विकत घ्यायला पैसे नसतील तर लिबरऑफिस इम्प्रेस फुकट आहे. चोरीची प्रत घेऊन हक्कांवर भाषण करणं जरा अवघडच. आणि पेनड्राइव्हवर एक पीडीएफ प्रत ठेवा.

आता लॅपटॉप उघडा. दोघादोघांत एक, ज्यांच्याकडे चार्जर आहे त्यांनी भिंतीकडे बसा. सराव असा : १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. माझ्या जुन्या फाइलमध्ये यावर अकरा ओळींची स्लाइड आहे, ती तुम्हाला दिलीय. तिची एकच स्लाइड करायची, पाच शब्दांच्या आत, आणि त्यावर वीस सेकंदांचा स्वतःचा आवाज. घरी बोलता त्या बोलीत. एका टेबलावर दोघींनी नुसता ७ हा आकडा टाकायचं ठरवलंय असं मला इथून ऐकू येतंय. टाका, मग बघू.

पंखे कुणीतरी बंद करा, रेकॉर्डिंगमध्ये येतील.