ओळीला ओळ जुळताना
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो त्याच दिवशी गणिताला ‘खुदा हाफिज’ म्हटलं. तरीही आज मी तुमच्याशी आकड्यांच्या मांडणीविषयी बोलणार आहे, कारण एकदा या मांडणीनं मला चांगलंच शरमिंदं केलं.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जणांनी एका मोहल्ल्यातल्या बासष्ट घरांची यादी करायला घेतली. एका वहीत घर क्रमांक, माणसं किती, मुलं किती. दुसऱ्या वहीत तांदूळ किती किलो, दुधाच्या पावडरीचे डबे किती, इन्सुलिनच्या बाटल्या किती. दोन्ही वह्या संगणकात भरल्या. आमच्यातल्या एका मुलानं त्या शेजारी शेजारी जोडणारा छोटा प्रोग्राम लिहिला. संगणकानं साफ नकार दिला. एका तक्त्यात ६२ ओळी, दुसऱ्यात ६१!

मी घाईत होतो. म्हटलं, ‘‘पहिल्यातली शेवटची ओळ चुकून दोनदा आली असेल, काढून टाक.’’ त्यानं काढली. संगणक गप्प झाला, यादी छापून आली आणि पोरं सामान घेऊन निघाली.

संध्याकाळी कळलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या चाचांकडे दुधाचे डबे पोहोचले होते आणि लेकुरवाळ्या घरी नुसता तांदूळ. सतराव्या घराला कुलूप होतं, म्हणून दुसऱ्या वहीत त्याची ओळच लिहिली नव्हती. तिथून पुढे प्रत्येक घरासमोर पुढच्या घराची गरज येऊन बसली. आणि बासष्टावं घर? ते तर मी स्वतःच पुसलं होतं. तिथल्या खालांना इन्सुलिन लागतं.

रात्री पुण्याला मुलीला फोन केला. ती संगणकशास्त्र शिकलेली. तिनं रागावण्याऐवजी मला शिकवायला सुरुवात केली.

‘‘अब्बा, आकड्यांच्या अशा आयताकृती मांडणीला मॅट्रिक्स म्हणतात,’’ ती म्हणाली. हा शब्द गणितात जेम्स सिल्व्हेस्टरनं १८५० मध्ये आणला. मूळ लॅटिन, त्याचा एक अर्थ गर्भाशय. आर्थर केलीनं १८५८ मध्ये मॅट्रिक्सच्या बेरीज-गुणाकाराचे नियम मांडले. आपल्याला कागदावर आडव्या ओळी आणि उभे स्तंभ दिसतात. संगणकाच्या स्मृतीत मात्र कागद नसतो, खोल्यांची एकच लांबच लांब चाळ असते. त्या चाळीत ओळीनं मांडलेले आकडे म्हणजे अ‍ॅरे.

समजा, एका मॅट्रिक्सची पहिली ओळ १, २ आणि दुसरी ३, ४. ‘सी’ या भाषेत ती १, २, ३, ४ अशी ओळीओळीनं राहते. १९५७ मध्ये आलेल्या ‘फोरट्रान’मध्ये ती स्तंभास्तंभानं राहते: १, ३, २, ४. आकडे तेच, वस्तीची रीत वेगळी.

आता दुसरी मॅट्रिक्स घ्या: ५, ६ आणि ७, ८. पहिलीच्या खाली जोडायची असेल, तर ‘सी’मध्ये काम सोपं, एका अ‍ॅरेच्या शेपटीला दुसरा लावला की झालं. पण शेजारी जोडायची असेल, तर एकीची पहिली ओळ, मग दुसरीची पहिली, पुन्हा एकीची दुसरी, असं विणावं लागतं. म्हणजे १, २, ५, ६, ३, ४, ७, ८.

हे ऐकलं आणि मला गझल आठवली. शेराच्या दोन ओळी असतात, उला मिसरा आणि सानी मिसरा. सगळे उला एका कागदावर आणि सगळे सानी दुसऱ्या कागदावर लिहिले, तर गझल परत मिळवताना कागदाखाली कागद ठेवून चालत नाही. ज्याचा सानी त्याच्याच उल्याला द्यावा लागतो. मधला एक सानी गळला, की पुढचे सगळे शेर बिघडतात. गंमत म्हणजे काफिया आणि रदीफ तरीही जुळलेलेच दिसतात!

मुलीनं आणखी एक सांगितलं. बेरजेला दोन्ही मॅट्रिक्सचा आकार सारखा लागतो. शेजारी जोडायला ओळी सारख्या, खाली जोडायला स्तंभ सारखे. गुणाकारात पहिलीचे स्तंभ आणि दुसरीच्या ओळी सारख्या लागतात, आणि क्रम बदलला की उत्तरही बदलू शकतं. वरच्याच दोन मॅट्रिक्स या क्रमानं गुणल्या तर पहिल्या घरात १९ येतात, उलट क्रमानं २३.

‘‘पण अब्बा,’’ ती म्हणाली, ‘‘संगणक फक्त आकार तपासतो. कोणती ओळ कुणाची, हे त्याला कुठून कळणार? त्यानं नकार दिला तेव्हा तो तुमची मदतच करत होता. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत.’’

उपाय साधा होता. दुसऱ्या वहीतही घर क्रमांक लिहायचा आणि ओळीच्या जागेवरून न जोडता त्या क्रमांकावरून जोडायचं. बंद घराचीही ओळ ठेवायची, शून्य लिहून का होईना. रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही दोन्ही वह्या पुन्हा तपासल्या आणि सकाळी नवी यादी घेऊन मी स्वतः निघालो.

सगळ्यात आधी बासष्टाव्या घरी गेलो. मान खाली घालूनच सलाम केला. खाला म्हणाल्या, ‘‘बेटा, इन्सुलिन कालच मिळालं.’’ एकसष्टाव्या घरी चुकून गेलेल्या बाटल्या तिथल्या वहिनींनी पाहिल्या आणि न विचारता शेजारी नेऊन दिल्या. कोणाची गरज काय, हे त्यांना यादी न बघताच ठाऊक होतं.

तेव्हापासून कुठलीही यादी हातात आली, की मी आधी कुलूपबंद घराची ओळ शोधतो.