'भावी' छापून मोकळे



मांडवाच्या कमानीवर साहित्य संमेलनाचं नाव बोटभर अक्षरांत आहे. त्याच्या वर एका तरुणाचा हात जोडलेला फोटो आणि खाली ठळक 'भावी आमदार'. मांडवाचा खर्च त्याच्या वडिलांनी उचलला, हे मला गाडीतून उतरता उतरताच सांगण्यात आलं. त्यांचे आभार. पण मांडव त्यांचा असला तरी तोंड माझं आहे.

अशा पोरांना 'युवराज' म्हणतात. आधी वर्तमानपत्रं चेष्टेनं म्हणत, आता कार्यकर्ते भक्तीनं म्हणतात. अहो, युवराजपद काय असतं ते रायगडाला विचारा! ६ जून १६७४ ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा सतरा वर्षांच्या संभाजीराजांना भरदरबारात युवराजाचा मान मिळाला. तरी ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले आणि त्याच महिन्यात काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर. पारडं फिरवलं ते सरसेनापती हंबीरराव मोहित्यांनी. सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामांचे मामा. पण भाच्याला सोडून ते संभाजीराजांच्या बाजूला उभे राहिले. ऐन वेळी मानपान नव्हे, माणसं उपयोगी पडली.

साताऱ्याचं तर उलटंच. १८४८ साली छत्रपती आप्पासाहेब वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं तो नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. वारस हजर, विधी उरकलेला, पण मंजुरी कंपनी सरकारच्या खिशात.

आज ती मंजुरी तुमच्या बोटावरच्या शाईत आहे. मग निवडणूक जाहीर नाही, तिकीट नाही, तोवर हा 'भावी' ठरवला कुणी? आमच्या भागात एक फ्लेक्स कित्येक पंचवार्षिक तसाच लागतोय. त्यातली फक्त मिशी बदलते.

हसू नका, आपण साहित्यातली माणसंही त्यातलीच. पु. ल. २००० साली गेले. तेव्हापासून ज्यानं चार विनोद बरे लिहिले तो 'पुलंचा वारसदार'! पुलंनी कुणाच्या नावे दत्तकपत्र केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. हा शब्द प्रकाशकानं मलपृष्ठावर छापला तर समजू शकतो, त्याला प्रती खपवायच्या आहेत. पण समीक्षक? वारसदार म्हटलं की पुस्तकात काय आहे, भाषा कशी आहे, कुठं फसलं आहे, हे काहीच लिहावं लागत नाही. शुद्ध आळस आहे हा! बिचारा नवा लेखक मात्र दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून जन्मभर अवघडलेला.

संध्याकाळी 'नव्या पिढीचे वारसदार' असा परिसंवाद ठेवलाय. अध्यक्ष म्हणून माझी एकच अट. ज्याचं नाव घ्याल, त्याची दोन पानं इथं मोठ्यानं वाचून दाखवा. पानं जवळ नसतील, त्यांनी माईकपाशी येऊ नये.