तासाला दोन डॉलरच्या गप्पा

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



चाहत्यांच्या रोजच्या गप्पा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असं कार्यक्रमपत्रिका वाचून काहींना वाटलं असेल. गप्पा फुकट असतात, म्हणून त्यांची किंमत आपल्या लेखी शून्य. मी मुद्दाम असं उदाहरण घेतलं आहे, जिथे गप्पांचे पैसे पडत, आणि तेही तासावर.

१९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो गावात 'वेल' नावाची संगणकसेवा सुरू झाली. घरच्या संगणकाला मोडेम जोडायचा, फोन लावायचा आणि टाइप करून इतरांशी बोलायचं. वर्गणी महिन्याला ८ डॉलर, वर तासाला २ डॉलर; फोनचं बिल वेगळं. संस्थापक दोघे : स्ट्यूअर्ट ब्रँड आणि डॉक्टर लॅरी ब्रिलियंट. या ब्रिलियंटांनी १९७० च्या दशकात आपल्या देशातून देवीचा रोग हटवण्याच्या मोहिमेत काम केलं होतं.

१९८६ मध्ये डेव्हिड गॅन्स, मेरी आयझेनहार्ट आणि बेनेट फॉक या तिघांनी 'वेल'वर 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडच्या चाहत्यांसाठी एक कट्टा उघडला. हे चाहते स्वतःला डेडहेड म्हणवतात. ते असे काही बोलत सुटले, की नव्या सेवेची पैशाची काळजी बऱ्याच अंशी त्यांनीच मिटवली. हॉवर्ड राइनगोल्ड यांनी १९९३ च्या 'द व्हर्च्युअल कम्युनिटी' या पुस्तकात ही हकिगत दिली आहे. यातले कित्येक जण 'वेल'वरच्या दुसऱ्या कट्ट्यांकडे फिरकतही नसत.

आता एवढं बोलण्यासारखं होतं तरी काय? हा बँड १९६५ चा. तीस वर्षांत त्याचे दोन हजारांहून अधिक कार्यक्रम झाले. गाण्यांचा क्रम रोज वेगळा, आणि तेच गाणं आज आठ मिनिटांचं, तर उद्या वीस. कालचा यमन आणि आजचा यमन यांवर मैफल उठल्यावर आपण जसं तासभर बोलू शकतो, तसंच हे. शिवाय या मंडळींना बोलतं करायला बँडचाही हातभार होता. १९७१ च्या त्यांच्या अल्बमवर चाहत्यांसाठी निरोप छापला होता : तुम्ही कोण, कुठे आहात, नावपत्ता कळवा. त्यातून पत्त्यांची मोठी यादी तयार झाली. १९८४ पासून तर कार्यक्रमाचं टेपवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या चाहत्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखली जाऊ लागली.

या टेपांचा व्यवहार ऐकण्यासारखा आहे. टेप विकायची नाही, हा दंडक. ज्याच्याकडे ध्वनिमुद्रण आहे, त्याला कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. तो भरून पाठवणार. ना पावती, ना करार. कधी न पाहिलेल्या माणसावर हा भरवसा ठेवायचा कशाच्या जोरावर? माझ्या मते, गप्पांच्या. कट्ट्यावर टेपांची खोली वेगळी होती, तिकिटांची वेगळी, दौऱ्यांची वेगळी, गीतांच्या अर्थाचा कीस पाडायची आणखी वेगळी. जादा तिकीट कोणाकडे आहे, कोणाच्या गाडीत जागा आहे, असं रोजचं बोलणं चाले. 'वेल'वर खरं नाव लपवता येत नसे. महिनोन्‌महिने ज्याची थट्टा वाचली, रुसवे वाचले, त्याच्या हाती चार कॅसेट सोपवायला छाती लागत नाही.

असं बोलणं डेडहेडांपुरतंच नव्हतं. नॅन्सी बेम या अभ्यासक बाईंनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या दुपारच्या टीव्ही मालिकांवर इंटरनेटवर बोलणाऱ्यांचा अभ्यास केला. तिथे बहुसंख्य स्त्रिया होत्या. मालिकेतल्या नवराबायकोचं वागणं पटण्यासारखं आहे का, हे ठरवताना त्या आपल्या घरातले अनुभव सांगत, आणि मालिकेचं निमित्त सुटून तिसरंच काही सुरू होई. त्यावर त्यांनी काढलेली तोड साधी होती. विषयांतर करायचं, तर शीर्षकात तशी खूण लिहायची. ज्याला नको, तो पुढे जाईल.

त्याच काळात, त्याच जाळ्यावर परदेशी गेलेली आपली मुलं हिंदी चित्रपटसंगीतावर वाद घालत होती. त्या मंडळींनी हजारो गाण्यांचे शब्द रोमन लिपीत टंकून त्यांचा संग्रह उभा केला. पगार कोणालाच नव्हता. नुसत्या संगीतप्रेमाने गाणं ऐकून होतं. रात्री बसून ते टंकायला, आपली वाट पाहणारी चार माणसं लागतात.

गप्पांना दुसरी बाजूही आहे. जुन्यांचं कोंडाळं होतं, आतले विनोद नव्याला कळत नाहीत, तो दारातूनच परततो. हे खरं आहे. पण गप्पाच नसल्या तर काय होतं, तेही डेडहेडांनी पाहिलं. १९८७ मध्ये बँडचं एक गाणं अचानक गाजलं आणि गर्दी बेसुमार वाढली. गाण्यासाठी नव्हे, तर सभागृहाबाहेर वाहनतळावर भरणाऱ्या जत्रेसाठी येणारेही खूप झाले. २ जुलै १९९५ ला इंडियाना राज्यातल्या डियर क्रीक इथे बिनतिकीट जमावाने कुंपण पाडलं. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला, आणि बँडला आपल्याच चाहत्यांना खुलं पत्र लिहून वागणूक सुधारा, असं विनवावं लागलं. गाणी विकत घेता येतात; या मंडळीत कसं वागायचं, हे मात्र कोणीतरी बोलता बोलता सांगावं लागतं. कुंपण पाडणाऱ्या पोरांशी तसं बोलायला बहुधा कोणाला सवडच झाली नव्हती. पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, बँडचे मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया वारले आणि तो पसारा आटोपला.

आज तासाचे पैसे पडत नाहीत. पण आपल्या गप्पा अजूनही मोजल्या जातात. बिल फक्त जाहिरातदाराच्या नावे निघतं. तेव्हा या सभागृहात जे कोणी एखाद्या गायकाच्या, नाटकाच्या, संघाच्या चाहत्यांचा समूह चालवत असतील, त्यांना एक विनंती. 'फक्त विषयावर बोला' हा नियम लावण्याआधी थांबा. त्या मालिकावाल्या बायकांसारखी विषयांतराची खूण ठरवून द्या, आणि नव्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी जेवलास का, असं विचारा. पुढे समूहात भांडण पेटलं, की मध्ये पडायला तोच येईल.